पाच विहिरी, पाणी एकच

प्रश्न (सांगोला तालुका): वस्तीवर आम्हा भावकीच्या पाच विहिरी आहेत. एकाने पाचशे फूट बोअर घेतल्यापासून माझी विहीर दोन तासांत उपसते. मुलगा लक्षद्वीपला जाऊन आला. तिथे पाणी बेतानं उपसतात म्हणतो. आमच्याकडे तसा नियम बसवता येईल का?

उत्तर: येईल, आणि सुगीच्या आधीच बसवा.

मुलाने नेमकं पाहिलंय. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी 1 फूट, तर खाली सुमारे 40 फूट, असा ढोबळ हिशेब. एकाने मोटार दामटली की खालचं खारं वर चढतं आणि सगळ्यांचीच विहीर नासते. कवरत्तीला पिण्यासाठी 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करावं लागतंय.

आपल्याकडे समुद्र नाही, पण पाणी तसंच सामाईक आहे. ते मुख्यतः मुरमात आणि वरच्या फुटक्या खडकात असतं. खालच्या काळ्या पाषाणात फक्त भेगा. खोल बोअर पुष्कळदा याच भेगांतून वरचं पाणी ओढतं. बांध जमिनीला असतो, झऱ्याला नाही. राज्याच्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खालची विहीर ‘खोल’ धरली आहे आणि अधिसूचित, म्हणजे सरकारने तसं जाहीर केलेल्या क्षेत्रात शेतीसाठी तिला मनाई आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारा. पण भावकीत तक्रारीआधी बैठक घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

बैठकीला वही घेऊन बसा. आठवडाभर पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आधी, दगड बांधलेली दोरी पाचही विहिरींत सोडा आणि ओल्या खुणेपासून पाण्याची खोली मोजून लिहा. बोअरवाल्यालाही आकडे दिसू द्या. मग पाळ्या ठरवा: एका वेळी दोनच मोटारी, मध्ये विहीर भरायला वेळ, आणि पिण्याचं व जनावरांचं पाणी आधी. हिवरे बाजारने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिकं ठरवली.

एक एकर मोकाट भिजवताना 5 सेंटिमीटर पाणी दिलं तरी 2 लाख लिटर जातं. म्हणून डाळिंब ठिबकवरच ठेवा आणि नवा ऊस यंदा नको. ज्वारीला एकच पाणी देणं जमत असेल, तर ती पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, असताना द्या.