साईटवरच्या आवाजाबद्दल

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

पहिली नोकरी साईट इंजिनिअरची, आणि साईटही चहूबाजूंनी सोसायट्यांनी वेढलेली, हे कळलं. ड्रॉइंग वाचायला, बिलं तपासायला शिकवणारे तुला तिथे भेटतील. आवाजाबद्दल मात्र कुणी बोलणार नाही. शेजारचे पोलिसांना फोन करतात तेव्हाच तो विषय निघतो. म्हणून हे पत्र.

नियम आधी नीट माहीत करून घे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं रात्री चालवायला थेट बंदीच घातली. मुंबई मेट्रो-३ चं रात्रीचं कामसुद्धा २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं होतं. त्यामुळे ‘सगळ्याच साईटवर चालतं’ असं कुणी म्हणालं तर त्याच्या नादी लागू नकोस.

रात्रीचा गोंधळ होतो तो बहुतेक वेळा सकाळच्या ढिलाईमुळे. समज, १८० घनमीटर काँक्रीटचा स्लॅब आहे. सहा घनमीटरच्या गाडीने तीस गाड्या. तासाला वीस घनमीटर पडलं तरी नऊ तास. सकाळी आठला पहिली गाडी लागली तर संध्याकाळी पाचला मोकळे. पण स्लॅबच्याच दिवशी सकाळी सळईचं चेकिंग, त्यात सळईखाली अंतर राखणारे चार कव्हर ब्लॉक कमी, दोन बार चुकलेले, मग दुरुस्ती, तोवर जड वाहनांच्या बंदीची वेळ, असं करत काम दुपारी दोनला सुरू होतं. रात्री दहाला अजून तीन-चार गाड्या बाकी असतात, आणि कोल्ड जॉइंटच्या, म्हणजे आधीचं काँक्रीट घट्ट होऊन नवं त्याला नीट न जुळण्याच्या, भीतीने काम थांबवताही येत नाही. मग पंप, व्हायब्रेटर, मिक्सरच्या गाड्यांचे रिव्हर्स हॉर्न, सगळं लोकांच्या झोपेच्या वेळी. चेकिंग आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपव. एवढं केलंस तरी निम्मी भांडणं टळतील.

दुसरी गोष्ट माणसांच्या सवयींची. शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, उतरवताना त्याच्या लोखंडी प्लेटा वरून खाली फेकतात. तो दणका आसपासच्या प्रत्येक घरात जातो, आणि खाली कुणी असलं तर जिवावर बेतेल. मुकादमाला ‘शेजाऱ्यांना त्रास होतो’ सांगून फारसा उपयोग नाही. त्याला प्लेटेची वाकलेली कड हातात धरून दाखव. त्या फटीतून स्लरी, म्हणजे सिमेंटचं पाणी, गळते, काँक्रीट हनीकोंब, म्हणजे पोळ्यासारखं सच्छिद्र, होतं, आणि डागडुजी त्याच्याच माथी येते. हे त्याला लगेच पटतं. पण बिगाऱ्यांवर ओरडण्याआधी दर कसा ठरलाय तेही बघ. चौरस फुटावर पैसे मिळणारा माणूस प्लेटा हातोहात उतरवत बसणार नाही, कारण त्यात त्याचीच मजुरी बुडते. दर ठरतानाच ‘प्लेटा फेकायच्या नाहीत’ ही अट आणि तिचा मोबदला लिहून घ्यायला तुझ्या वरिष्ठांना सांग. माझ्या मते साईटवरची निम्मी बेशिस्त दरपत्रकातून येते.

आणि ज्याच्या हातात काँक्रीट फोडायचा ब्रेकर आहे त्याचे कान कुणाच्या खिजगणतीतच नसतात. ब्रेकरजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. कानातल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा येत नाहीत. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे बरेच दिवस त्या माणसाला स्वतःलाच कळत नाही. अशा माणसाला मागून येणारी गाडीही ऐकू येईल याची खात्री नाही. फोमचे इअरप्लग वाटून सही घेतली की काम झालं असं समजू नकोस. सिमेंटच्या हातांनी ते कानात जात नाहीत, आणि गेले तरी वरवर खोचलेले असतात. ब्रेकरवाल्याला कानावर बसणारे मफ दे आणि त्याची पाळी आलटून पालटून लाव. स्वतःही त्याच्याजवळ जाताना मफ घाल. तू घातलेस तरच तो घालेल.

शेजाऱ्यांशी आधी बोल. स्लॅबची तारीख सोसायटीच्या फलकावर दोन दिवस आधी लाव, खाली उचलला जाईल असा फोन नंबर दे. गेटवर कुणी आजोबा तक्रार घेऊन आले तर वॉचमनने त्यांना परस्पर कटवू नये. तू खाली ये, खुर्ची दे, ऐकून घे. दुपारी एक ते तीन कटर आणि ग्राइंडर बंद ठेवता येत असेल तर ठेव. त्या वेळात बांधणीचं, मापांचं काम निघतं.

पुढचा स्लॅब कधी आहे ते कळव. तयार काँक्रीट पुरवणाऱ्या आरएमसी प्लांटला गाड्यांचं वेळापत्रक पाठवण्याआधी मला दाखव, फोनवर बसून बघू.

तुझा,
काका