उजेड कुठून येतोय ते बघ

सिनेमातलं कॅमेरावर्क चांगलं की नाही ते कसं ओळखायचं, विचारतोस ना? अरे ड्रोनशॉट (उडत्या कॅमेऱ्याने वरून घेतलेला शॉट) भारी दिसला म्हणजे कॅमेरावर्क भारी असं नसतं, सुरुवातीला मीपण तेच समजायचो. तू आधी एकच कर, आवाज बंद करून एखादा सीन परत बघ आणि उजेड कुठून येतोय ते शोध, खिडकीतून, दिव्यातून, की उगाच सगळीकडून सारखाच. सत्यजित राय यांचा १९५६ चा बंगाली सिनेमा 'अपराजितो' घे, त्यातलं बनारसचं घर म्हणजे स्टुडिओतला सेट, पण त्याचे कॅमेरामन सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि लाइट त्यावर मारून खाली परतवला, त्यामुळे सावल्या मऊ पडतात आणि डोक्यावर खरंच आभाळ आहे असं वाटतं, मला तर कितीतरी वर्षं पत्ताच नव्हता. उलट १९५९ च्या 'कागज के फूल' या हिंदी सिनेमात कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून बाहेरचं ऊन आत आणलं, तो झोत मुद्दाम डोळ्यात भरतो आणि तिथे शोभतोही, कारण नायक-नायिकेमधलं अंतर त्यातच दिसतं. मग कॅमेरा हलला की कशासाठी हलला ते बघ. लेन्सबिन्स नंतर. आणि हो, मोबाइलवर नको बघूस, अंधारातलं काही म्हणजे काही दिसत नाही त्यात.