‘स्काय’ नाही मिळालं तर?

“चांगल्या कॉलेजात नंबर नाही लागला तर मुलाचं पुढे काय?” मी समुपदेशक आहे. पुण्यातले आईवडील हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतातच, पण दक्षिण कोरियात राहणारे मराठी पालकही आता ऑनलाइन तोच विचारतात. तिथे त्याची धार जास्त आहे. सियोल नॅशनल, कोरिया आणि योन्से या तीन विद्यापीठांना मिळून ‘स्काय’ म्हणतात. नोकरी असो की लग्न, आधी विद्यापीठाचं नाव पोचतं, माणूस मागून. परीक्षेवरून पायरी ठरवायची ही रीत जुनीच. राजदरबारी अधिकारी निवडणारी ‘ग्वागो’ परीक्षा ९५८ साली सुरू झाली आणि १८९४ पर्यंत चालली.

एका आईबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लग्न होऊन सियोलला गेलेली, नवरा कोरियन, मुलगा बारावीला. आम्ही तिथल्या रात्री नऊला बोलायचो, कारण दहाला क्लास सुटून मुलगा घरी यायचा. सियोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालवायला बंदी आहे.

सुरुवातीला ती नोव्हेंबरातल्या ‘सुनुंग’ या प्रवेश परीक्षेबद्दलच बोलायची. इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना विमानांची उड्डाणं थांबतात, शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो, उशीर झालेल्या मुलांना पोलीस केंद्रावर सोडतात. “अख्खा देश थांबतो हो ताई, मी कशी शांत बसू?” काळजी करू नका, असं मी म्हटलं नाही. तिची काळजी निराधार नव्हती. मी विचारत गेले.

“समजा, स्काय नाही मिळालं. मग?”

“मग सियोलमधलंच दुसरं एखादं.”

“तेही नाही मिळालं तर?”

“मग बाहेरगावचं. त्याला इथे कोण विचारतं?”

“यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागेल?”

ती बराच वेळ गप्प होती. “चुसोकच्या सणाला सगळे सासूबाईंकडे जमतात. जावेची मुलगी योन्सेला आहे. मी परदेशी सून. भाषा शिकले, किमची घालायला शिकले, तरी परकीच. हा स्कायला गेला ना, की मला कुणी बोलणार नाही.”

इथे गाठ सापडली. आईचा सासरचा मान मुलाच्या गुणपत्रिकेला बांधलेला होता. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलांना सांगावं लागत नाही.

तिच्याच बोलण्यात एकदा वाढदिवसाचा विषय निघाला. कोरियात बाळंतिणीला समुद्रशैवालाचं सूप देतात, मियोक-गुक. म्हणून वाढदिवसालाही तेच, आईची आठवण ठेवून. पण शैवाल बुळबुळीत, ते खाल्लं की परीक्षेत घसरतात, असा समज आहे. मुलाचा वाढदिवस ऑक्टोबरात. सासूबाईंनी बजावलं होतं, यंदा सूप नाही.

मी म्हटलं, “करा.”

“आणि घसरला तर?”

“ही भीती वाटते ना, म्हणूनच करा.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते. भीतीला नुसत्या समजुतीने उत्तर मिळत नाही, काहीतरी करून बघावं लागतं, हा माझा अनुभव आहे. तिने वाळकं शैवाल भिजवलं, तिळाच्या तेलात लसणावर परतलं, सूप केलं. मुलगा दोन वाडगे प्यायला आणि म्हणाला, “आई, सप्टेंबरच्या सराव परीक्षेत मला गणितात चौथी श्रेणी आहे.” एकूण श्रेण्या नऊ, पहिली वरच्या ४ टक्क्यांना मिळते. तो कागद त्याने महिनाभर दप्तरात लपवला होता.

ती म्हणाली, “कॉलेज तुझं आहे. माझा मान माझा मी बघेन.” हे वाक्य मी तिला दिलेलं नव्हतं, तिचं तिने शोधलं. माझ्या कामात याहून मोठं समाधान नाही.

पालकांना माझं सांगणं असं. नावाला किंमत नाही, असं मुलांशी खोटं बोलू नका, किंमत आहे. पण ती किती, हेही सांगा. देजॉनचं ‘काइस्ट’ आणि पोहांगचं ‘पोस्टेक’ ही विज्ञान-तंत्रज्ञानाची विद्यापीठं स्कायमधली नाहीत, सियोलमधलीही नाहीत, तरी त्यांचा दबदबा आहे. सरकारी संस्थांच्या भरतीत २०१७ पासून अर्जावर विद्यापीठाचं नाव लिहायचं नसतं. मात्र विद्यापीठात न जाता वकिलीची परीक्षा पास होऊन राष्ट्राध्यक्ष झालेल्या रो मू-ह्यून यांचं उदाहरण घाबरलेल्या मुलाला देऊ नका. त्याला त्यातून धीर मिळत नाही, आणखी एक अपेक्षा ऐकू येते. परीक्षेच्या संध्याकाळी गुणांचा हिशेब काढू नका, जेवू द्या, झोपू द्या. पुन्हा बसणारी मुलं तिथे पुष्कळ असतात, पण तो निर्णय डिसेंबरात निकाल हातात आल्यावर, मुलाला विचारून घ्यायचा. आणि जावेला काय उत्तर द्यायचं, ते आपलं आपण आधीच ठरवून ठेवायचं, मुलाला त्यात ओढायचं नाही.

तो मुलगा आता सियोलबाहेर, बुसानला शिकतो. तिचा नवरा अजून नाराज आहे. तो स्वतः बाहेरगावच्या कॉलेजचा, आणि बढतीच्या वेळी ते नाव आडवं आलेलं. त्याची भीती भोगून आलेली आहे, तिच्याशी वाद घालून भागणार नाही. त्याच्याशी वेगळं बोलणं आता सुरू केलं आहे, बायको दुभाषी म्हणून न बसता, इंग्रजीत.