कायदा सल्ला : पोराच्या हातून गुन्हा घडला, पुढं काय?

या वेळची पत्रं सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, सोळा पूर्ण. मित्रांबरोबर मोटारसायकल चोरली. बाल न्याय मंडळानं जामीन दिला. आता परिविक्षा अधिकारी घरी चौकशीला येणार आहेत. मी यंत्रमागावर रात्रपाळीला असतो, बायको विड्या वळते. वकील म्हणतात, 'मुलगा चांगला आहे, संगत वाईट' एवढंच सांगा. बरोबर आहे का? (एक वडील, पूर्व भाग)

उत्तर : नाही. जामिनासाठी ते वाक्य चाललं असेल, या चौकशीत त्यानं नुकसानच होईल.

मुलानं चोरी केली की नाही हे ठरवायला परिविक्षा अधिकारी येत नाहीत. ते मुलाचं घर, शाळा, संगत पाहून सामाजिक तपासणी अहवाल लिहितात. मुलाला मंडळापुढं पहिल्यांदा उभं केल्यापासून १५ दिवसांत तो मागवला जातो. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा आहे, म्हणून बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या हिशेबात ती किरकोळ गुन्ह्यात मोडते. गुन्हा शाबित झाला तर मंडळाकडे कलम १८ चे पर्याय असतात: समज देऊन समुपदेशन, गटसमुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर ३ वर्षांपर्यंत परिविक्षा (म्हणजे मोकळं सोडून देखरेख), आणि सगळ्यात शेवटी विशेष गृह, म्हणजे अशा मुलांना ठेवायची सुधारसंस्था. यातलं काय निवडायचं, हे बरंचसं त्या अहवालावरून ठरतं. अहवालात नुसता 'चांगला मुलगा' असेल, तर मंडळानं अटी कशाच्या आधारानं घालायच्या?

पहिली गोष्ट, अधिकाऱ्यांना तुम्ही घरी कधी सापडाल ते कळवा. रात्रपाळी करून तुम्ही झोपलेले, बायको तयार विड्या द्यायला कारखान्यावर गेलेली आणि दाराला कुलूप, असं झालं की शेजाऱ्यांच्या सांगण्यावर अहवाल तयार होतो. खोली भाड्याची असेल आणि बदलली असेल तर नवा पत्ता लेखी द्या. फोन नंबर स्वतःचा द्या, मेव्हण्याचा नको.

शाळेचं बोनाफाईड, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, हजेरी, रेशनकार्ड आणि वर्गशिक्षकांचं नाव एका पिशवीत तयार ठेवा.

मग खरं बोला. शाळा सुटल्यापासून रात्री दहापर्यंत मुलावर कुणाचं लक्ष असतं? कुणाचंच नसेल तर तसं सांगा. व्हाईटनर किंवा थिनर हुंगत असेल, तर तेही लपवू नका. सगळ्यात जास्त गाडं इथंच अडतं. व्यसन लपवलं की आदेशात फक्त समुपदेशन येतं, व्यसनमुक्तीचं नाव येत नाही, पोरगं परत त्याच टोळक्यात जातं आणि पुन्हा मंडळापुढं उभं राहतं. तोवर विशेष गृहाचा पर्याय बराच जवळ आलेला असतो.

आणि एक योजना तुम्हीच मांडा. संध्याकाळी मामाकडे राहील, दहावी झाली की आयटीआयला घालू, अमुक गॅरेजवर जाणार नाही. शाळेत जाणं, प्रशिक्षण घेणं, ठरावीक ठिकाणी न फिरकणं हे सगळं मंडळ आदेशात घालू शकतं. मात्र झेपेल तेवढंच कबूल करा.

चोरीची गाडी विकत घेणारा किंवा पोरांना पाठवणारा कुणी मोठा माणूस असेल, तर त्याचं नाव सांगायला घाबरू नका. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांचा दंड आहे.

राहता राहिला तारखा लांबवण्याचा मोह. मंडळाची चौकशी ४ महिन्यांत संपवायची असते, फार तर २ महिने वाढवून मिळतात. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती पुरी झाली नाही तर प्रकरण बंद होतं. काही वकील यालाच विजय समजतात. कागदावर तो असेलही, पण मुलाला मदत काहीच मिळालेली नसते.

प्रश्न : आमच्या नववीतल्या एका मुलावर असं प्रकरण झालं. बाकीचे पालक म्हणतात, दाखला देऊन मोकळे व्हा. (मुख्याध्यापक, मोहोळ तालुका)

उत्तर : देऊ नका. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार मुलाला काढताच येत नाही. नववीत ते कलम लागू नसलं, तरी मुलानं शाळेत जावं असा आदेश मंडळ देऊ शकतं, आणि तुम्ही दाखला मुलाच्या हातात ठेवला तर तो आदेश पाळायचा कुठं?

पालक स्वतःहून दाखला मागत असतील तर शेऱ्याच्या रकान्यात प्रकरणाचा एक शब्दही नको. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटोही यातून सुटत नाही. बाल न्याय मंडळाच्या तारखांमुळे दहावीत हजेरी कमी पडू लागली तर मार्चची वाट पाहू नका, कारण लिहून पुणे विभागीय शिक्षण मंडळाकडे वेळेत प्रस्ताव पाठवा. शाळेशी नातं पार तुटलंच असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे, पण तो शेवटचा रस्ता. शाळा सुटलेलं पोर दिवसभर मोकळं असतं, आणि त्याच मोकळ्या वेळात सगळं बिघडतं.

प्रश्न : माझं दुकान फोडणारी पोरं महिन्याभरात चौकात हिंडताना दिसली. पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन जीव गेले आणि पोरगा निबंधावर सुटला. ही कसली शिक्षा? (व्यापारी, सोलापूर)

उत्तर : तुमचा राग समजतो. पण मे २०२४ मधला ३०० शब्दांचा निबंध ही जामिनाची अट होती, अंतिम आदेश नव्हे. अट हास्यास्पद होती, यात वाद नाही. मुलाला जामीन हा नियम आहे. ज्ञात गुन्हेगारांशी संबंध येईल, मुलाला धोका असेल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, एवढ्याच कारणांनी तो नाकारता येतो, आणि कारण लेखी नोंदवावं लागतं.

सोळा ते अठराच्या मुलानं किमान ७ वर्षं शिक्षेचा निर्घृण गुन्हा केला, तर प्राथमिक मूल्यांकन करून, म्हणजे त्याला गुन्ह्याचे परिणाम कळत होते का ते पाहून, मंडळ त्याला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथं प्रौढासारखा खटला चालू शकतो, म्हणजे सगळेच सुटतात असं नाही. तुमच्या प्रकरणात पोरं चौदाच्या वरची असतील तर समाजसेवेचा आदेश होऊ शकतो: उद्यानाची देखभाल, रुग्णालयात मदत, वृद्धांची सेवा. नुकसानीचा आकडा बिलांसह पोलिसांना द्या आणि नोंदवून घ्या.

प्रश्न : आम्ही सेटलमेंटजवळ राहतो. कुठंही चोरी झाली की आमचीच पोरं उचलतात, रात्रभर ठाण्यात बसवतात. (एक आई)

उत्तर : काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, ते कुंपणही गेलं. वस्तीवरून संशय घ्यायला कायद्यात आधार नाही.

अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढं न्यावंच लागतं. गुन्हा निर्घृण नसेल आणि प्रौढ साथीदार नसेल तर एफआयआर नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. ठाण्यात जाताना आधार कार्डावर विसंबू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी आहे. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात, पकडल्याच्या दिवशीचं नव्हे. मोफत वकिलासाठी १५१०० आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर फोनमध्ये भरून ठेवा.

प्रश्न : भाऊ एकोणीस वर्षांचा, कॉलेजात आहे. मोबाईल चोरीचा खटला चालू आहे. त्याला यातलं काही लागू होतं का? (बार्शी)

उत्तर : बाल न्यायाचं नाही, पण परिविक्षा अधिनियम, १९५८ आहे. एकविसाच्या आतल्या आरोपीला कैद द्यायची तर न्यायालयाला कलम ६ खाली परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कारणं लिहावी लागतात. इथं वय निकालाच्या दिवशीचं बघतात, म्हणून तारखा वाढवत बसलात तर हे संरक्षण हातचं जाईल, मग कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, अशी मागणी करावी लागेल. मोबाईल ५,००० रुपयांच्या आतला असेल, भाऊ पहिल्यांदाच दोषी ठरला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्येच समाजसेवेची शिक्षा आहे. वकिलाला दोन्ही मुद्दे शिक्षा सुनावण्याआधी लेखी मांडायला सांगा.