गणित सोडू देऊ नका, पुळण मोजत राहू दे

मालवणजवळच्या देवबागहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी विज्ञानाला आहे. घराच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाच्या वेळी पाणी पुळण ओलांडून माडांत शिरलं. तेव्हापासून ही मुलगी दर अमावास्या-पुनवेला दोरी घेऊन पुळण मोजते आणि वहीत लिहून ठेवते. आता तिला हेच शिकायचं आहे. आई विचारतात, "घरचे म्हणतात फार्मसीला घाला. वाळू मोजून पोट भरेल का? आणि एवढं शिकून आमची पुळण वाचणार आहे का?"

ताई, आधी ती वही पावसापाण्यापासून जपून ठेवा. का ते सांगतो.

वादळात हवेचा दाब घटतो. दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं माप) घटला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, फुटणाऱ्या लाटा त्यात भर घालतात, आणि नेमकी उधाणाची भरती असली तर सगळं एकावर एक चढतं. पुढे काय होणार हे वाळूच्या टेकडीच्या उंचीवर ठरतं. अमेरिकेतल्या ॲसबरी सॅलेंजर या शास्त्रज्ञाने २००० साली याच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिलीत लाट नुसत्या पुळणीवर चढते-उतरते. दुसरीत ती टेकडीचा पायथा खाते. तिसरीत माथ्यावरून पलीकडे जाते आणि वाळू आत नेऊन पसरते. चौथीत टेकडी पाण्याखालीच जाते, आणि कधी कधी वाळूचा दांडा फुटून समुद्र आणि खाडी जोडणारं नवं मुख पडतं. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडला आणि त्याच्या शेजारच्या वाळूच्या बेटाला मिळून अशी तीन मुखं पडली. दोन बुजवली. तिसरं फायर आयलंडवरच्या राखीव निसर्गक्षेत्रात होतं, ते मुद्दाम उघडं ठेवलं आणि वर्षानुवर्षं मोजत राहिले.

म्हणजे कोणत्या घरावर कोणती पायरी येणार हे सांगायला वादळाच्या आदल्या दिवशीची टेकडीची उंची लागते. ती मागाहून कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही. तुमची मुलगी पुढच्या वादळाआधीची अशीच नोंद ठेवते आहे, निदान रुंदीची; उंचीचं पुढे सांगतो.

पुळण वाचेल का, याला सरळ 'हो' म्हणणं खोटं ठरेल. दगडी बंधारा मागचं घर राखतो, पण त्यावर आपटून मागे फिरणारी लाट पुढची वाळू ओढून नेते आणि बंधारा जिथे संपतो तिथे धूप वाढते. कुठे बंधारा हवा, कुठे बाहेरून वाळू आणून टाकायची, कुठे वाळू धरून ठेवणारी मर्यादावेल आणि टेकडी नुसती तुडवू द्यायची नाही, हे जागा पाहून ठरवावं लागतं. ते ठरवणाऱ्यांत खाडी आणि समुद्र दोन्ही अंगणातून पाहिलेलं माणूस असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता शिक्षणाचं. दोन वाटा आहेत. एक म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंग करून पुढे किनारपट्टी किंवा महासागर अभियांत्रिकीत एम.टेक.; आयआयटी मद्रासला महासागर अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरी, भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्रात बी.एस्सी. आणि मग सागरी विज्ञानात एम.एस्सी. गोवा विद्यापीठ तुम्हाला जवळचं. मुलीचा कल पाहता मी दुसरी वाट सुचवेन. दोन्हीकडे गणित लागतंच, बारावीनंतर ते सुटता कामा नये. सोबत पायथन ही संगणकाची भाषा आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र, शिकू दे. उपग्रहाची चित्रं आता फुकट मिळतात.

काम कुठे? गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था, पुण्यात खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, उंच लाटांचे इशारे देणारी हैदराबादची इन्कॉइस, चेन्नईचं राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्र. या चेन्नईच्या केंद्रानेच देशाचा जवळजवळ एक तृतीयांश किनारा धुपतो आहे, असं नकाशांवरून दाखवलं. बंदरांची कामं करणाऱ्या सल्लागार कंपन्याही आहेत. पण सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पावरची कंत्राटी नोकरी असते, संशोधनात स्थिर व्हायला पीएच.डी. लागते. फार्मसीइतकी लवकर कमाई होणार नाही. घरात हे आताच उघड बोला आणि तेवढी वर्षं तिला द्या.

तोवर मोजणी थोडी पक्की करू या. दोरीने रुंदी कळते, उंची नाही. सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या घ्या. ठरावीक अंतरावर, एक समुद्राकडे, एक घराकडे उभी धरा. घराकडच्या काठीमागून पाहून पुढच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं. ती नजर मागच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका उतार. मग दोन्ही काठ्या पुढे सरकवायच्या. सुरुवात दर वेळी एकाच पक्क्या खुणेपासून, विहिरीच्या कठड्यापासून म्हणा, आणि तारखेसोबत वेळही लिहायची.

आणि खाडीकडची बाजूही मोजायला सांगा. वादळात माडांत शिरलेली वाळू तिथवर पोचली असेल, तर थर किती बोटं जाड आहे तेही त्याच वहीत येऊ दे.