अमेरिकेत मोठ्या खेळाडूवर मुलाला मारल्याचा आरोप झाला, तर बालसंरक्षणवाले खरंच काही करतात का?

तुम्ही विचारलंय की नाव आणि पैसा असला की असे खेळाडू सुटतात का, आणि ‘चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस’, म्हणजे सीपीएस, नेमकं करतं काय. मी मिनेसोटात ईडन प्रेरीला एका डेकेअरमध्ये लहान मुलांना सांभाळते, शिकवते. २०१४ सालीही तेच करत होते. व्हायकिंग्ज या फुटबॉल संघाचं मुख्यालय तेव्हा आमच्याच गावात होतं. त्यामुळे एड्रियन पीटरसनचं प्रकरण मी अगदी जवळून बघितलं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्यातूनच द्यावंसं वाटतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी घट्ट धरून समोरच्या माणसांच्या भिंतीतून वाट काढत धावणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात. पीटरसन त्या काळातला सर्वोत्तम. २०१२ च्या हंगामात तो २,०९७ यार्ड धावला, १९८४ चा विक्रम फक्त ८ यार्डांनी हुकला. आमच्याकडची कितीतरी पोरं त्याचा २८ नंबरचा जांभळा शर्ट घालून यायची. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याचा २ वर्षांचा एक मुलगा शेजारच्या साउथ डकोटा राज्यात दगावला. त्या मुलाच्या आईच्या मित्राने त्याला मारलं होतं. आपल्याला असा एक मुलगा आहे हे पीटरसनला थोड्याच दिवसांपूर्वी कळलं होतं. सगळं राज्य तेव्हा त्याच्यासाठी हळहळलं.

मग आला मे २०१४. त्याचा दुसरा एक मुलगा, वय ४ वर्षं, मिनेसोटात आईजवळ राहायचा. तो बापाकडे टेक्ससला, ह्यूस्टनजवळच्या घरी गेला होता. तिथे त्याने दुसऱ्या मुलाला ढकललं म्हणून बापाने झाडाची बारीक फांदी घेऊन त्याला झोडपलं. बातम्यांमध्ये त्या फांदीला ‘स्विच’ म्हणत होते. मला आधी कळेचना हे काय हत्यार आहे. फोटो बघितला आणि लक्षात आलं, अरे, हा तर फोक! आमच्या साताऱ्याकडे निरगुडीचा नाहीतर चिंचेचा असायचा. ज्याने खाल्लाय त्याला माहीत आहे, जाड काठीपेक्षा ओला फोक जास्त लागतो, कारण तो अंगाला वळसा घालतो. मारणाऱ्याला दिसते ती पाठ आणि ढुंगण, पण टोक जाऊन लागतं मांडीच्या आतल्या बाजूला. पीटरसनच्या जबाबातही हेच आलं होतं की टोक कुठे लागतंय ते त्याच्या लक्षात आलं नाही. पोराच्या पाठीवर, पायांवर, घोट्यांवर कापल्यासारखे वळ होते. हातांवरही होते. मार चुकवायला मूल हात मध्ये घालतं, त्याचे ते वळ.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. हे बाहेर कसं आलं? मुलगा मिनेसोटाला परत आला, आईने त्याला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी वळ बघितले आणि कळवलं. कळवायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर नव्हतंच. १९६२ मध्ये डेन्व्हरच्या सी. हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. ‘पडला’, ‘धडपडला’ म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच मुलांना घरातच मारलेलं असतं, हे त्यात मांडलं होतं. पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत कायदे झाले की डॉक्टरसारख्यांनी संशय आला तरी कळवायचंच. मिनेसोटात डॉक्टर, नर्स, शिक्षक आणि माझ्यासारखी डेकेअरची माणसं यांना २४ तासांच्या आत तोंडी आणि ७२ तासांत लेखी कळवावं लागतं. टेक्ससमध्ये तर प्रत्येक नागरिकाला. पुरावा आपण गोळा करायचा नसतो, वाजवी संशय पुरतो. आणि बाप कोण आहे, कितीचा करार आहे, याला त्या फॉर्मवर रकानाच नसतो. म्हणून पहिल्या पायरीवर तरी नावाचा उपयोग होत नाही. तिथे फक्त मूल आणि त्याला बघणारा एक माणूस असतो.

पुढे काय होतं हेही थोडं सांगते, कारण आपल्या लोकांत ‘फोन केला की येऊन मूल उचलून नेतात’ अशी भीती फार आहे. देशभराचं एकच सीपीएस असं काही नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं, मिनेसोटात तर ते काउंटी चालवतात, म्हणजे आपल्याकडे जिल्ह्या-जिल्ह्याने चालवावं तसं. फोन आला की आधी चाळणी होते, दखल घ्यायची की नाही. घेतली तर कर्मचारी घरी येतो, मुलाशी बोलतो, डॉक्टरांशी, शाळेशी बोलतो. २०१४ साली देशभर ३६ लाख तक्रारी आल्या, त्यातल्या साधारण ६० टक्के चाळणीतून पुढे गेल्या, आणि शेवटी ७ लाखांच्या आसपास मुलांवर अत्याचार किंवा हेळसांड झाल्याचं ठरलं. त्यातही तीन चतुर्थांश प्रकार हेळसांडीचे. बहुतेक मुलं घरातच राहतात. मूल बाहेर ठेवायचं तर कोर्टाला पटवावं लागतं.

पोलिसांचं काम वेगळं. सीपीएस विचारतं, हे मूल आज रात्री सुरक्षित आहे का. सरकारी पक्ष कोर्टात विचारतो, या माणसाने गुन्हा केला हे निःसंशय सिद्ध होतं का. आणि खेळाडू असेल तर त्याची लीग, म्हणजे सगळे संघ जिच्यात खेळतात ती संघटना, विचारते, याने आमचं नाव खराब झालं का. लोक या तिन्हींची खिचडी करतात आणि मग ‘सुटला’ म्हणतात. पीटरसनच्या आणखी एका मुलाबाबत २०१३ ची जुनी तक्रार त्याच महिन्यात बातम्यांत आली. त्यात कधीच गुन्हा दाखल झाला नव्हता आणि त्याच्या वकिलांनी आरोप फेटाळला. मी त्यावर काहीही म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका.

१२ सप्टेंबर २०१४ ला टेक्ससच्या माँटगोमेरी काउंटीत ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पीटरसनवर आरोप ठेवला. व्हायकिंग्ज रविवारचा सामना त्याला बसवून खेळले आणि ३०-७ ने हरले. सोमवारी संघाने जाहीर केलं की पुढच्या सामन्याला तो खेळणार. त्या पत्रकार परिषदेत संघाचे व्यवस्थापक बोलत होते आणि मागच्या पडद्यावर रॅडिसन हॉटेलचं चिन्ह ठळक दिसत होतं. त्याच रात्री रॅडिसनने प्रायोजकत्व थांबवलं. मंगळवारी मिनेसोटाचे गव्हर्नर मार्क डेटन म्हणाले, निलंबित करा. बुधवारी पहाटे संघाने निर्णय फिरवला. रविवार ते बुधवार या चार दिवसांत त्या पोराच्या पायांत काहीच बदललं नव्हतं. मला आजही त्याचा राग येतो.

त्याच आठवड्यात माझे वडील, आप्पा, साताऱ्याहून आमच्याकडे आलेले होते. संध्याकाळी टीव्हीवर हेच चालू होतं. चार्ल्स बार्कली हा मोठा बास्केटबॉलपटू सांगत होता की दक्षिणेतल्या काळ्या घरांत पोरांना असंच वाढवतात. मग व्हायकिंग्जचाच जुना खेळाडू क्रिस कार्टर बोलला. त्याला एकट्या आईने सात भावंडांत वाढवलेलं. आईने जमेल तितकं सगळं केलं, पण मारायच्या बाबतीत ती चुकली, असं तो म्हणाला आणि बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. मी आप्पांना मराठीत सांगत होते कोण काय म्हणतंय ते.

आप्पा म्हणाले, “एवढ्यासाठी कामावरनं काढलं होय त्याला? पोरगं वळणाला लागावं म्हणूनच मारतं की माणूस.”

मी म्हटलं, “आप्पा, चार वर्षांचं आहे हो ते.” आणि फोनवर फोटो दाखवला.

त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, “तुला बी असं उठायचं का गं?” मी हो म्हटलं. नंतर जेवायला बसेपर्यंत ते काही बोलले नाहीत. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याच्या ताटातला भात ते कालवून देत होते.

पीटरसनही हेच म्हणाला होता. मला जसं शिस्त लावून वाढवलं तसंच मी केलं, मी परिपूर्ण बाप नाही पण छळ करणारा नाही, असं. मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. आणि म्हणूनच कायदा हेतूपाशी थांबत नाही, तो जखम बघतो. अमेरिकेत घरात मुलाला मारणं आजही कुठल्याच राज्यात सरसकट गुन्हा नाही. ‘वाजवी’ शिस्त टेक्ससचा कायदाही मान्य करतो. भांडण ‘वाजवी’ कुठे संपतं याचंच असतं.

४ नोव्हेंबरला त्याने कमी गंभीर आरोपावर ‘मी लढत नाही’ अशी कबुली दिली. ४,००० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा, दोन वर्षं देखरेख. तुरुंग नाही. त्या वर्षीचा त्याचा पगार होता १ कोटी साडेसतरा लाख डॉलर, तेव्हा ४,००० डॉलर ही काय रक्कम झाली, तुम्हीच बघा. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी मात्र किमान १५ एप्रिल २०१५ पर्यंत बिनपगारी निलंबित केलं. त्यावर कोर्टबाजी झाली, न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी निलंबन रद्द केलं, २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने ते पुन्हा ग्राह्य धरलं. तोपर्यंत तो परत येऊन २०१५ चा हंगाम लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावून संपवूनही बसला होता. तर सुटला का? पकडला गेला सामान्य माणसासारखा, आणि सावरला मात्र श्रीमंत माणसासारखा. चांगले वकील, परत मिळालेलं काम. २०१८ मध्ये त्याने स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं की मुलाला अजून कधीकधी पट्ट्याने मारतो. हे वाचून मी फार निराश झाले.

प्रसिद्धीचा सगळ्यात मोठा फटका बसला तो पोराला. सीपीएसची कागदपत्रं गोपनीय असतात, मुलाचं नाव बाहेर येऊ नये म्हणून केवढी काळजी घेतात. आणि इथे त्याच्या मांड्यांचे फोटो फुटले आणि जगभर गेले. मीही ते फोनवर बघितले, आप्पांना दाखवले. ते बघायला नको होते, हे मला नंतर कळलं.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. पीटरसनवर आरोप ठेवला त्याच्या पंधरा दिवस आधी मिनियापोलिसच्या ‘स्टार ट्रिब्यून’ने एक बातमी छापली होती. मिनेसोटातल्याच पोप काउंटीत एका ४ वर्षांच्या मुलाबद्दल १५ तक्रारी आल्या होत्या. डेकेअरच्या बायकांनी, माझ्यासारख्या बायकांनी, त्याच्या अंगावरच्या खुणा बघून पुन्हा पुन्हा कळवलं होतं. २०१३ मध्ये ते मूल घरातल्याच मोठ्या माणसाच्या हातून गेलं. त्याचा बाप कुणी खेळाडू नव्हता, मागे कुणाचं चिन्ह नव्हतं, कुणी प्रायोजकत्व थांबवलं नाही. गव्हर्नर डेटन यांनी त्याच सप्टेंबरमध्ये चौकशी गट नेमला आणि २०१५ मध्ये मुलाची सुरक्षितता सर्वांत आधी, असा कायदा बदलला. चाळणीत गळालेल्या जुन्या तक्रारीही नव्या तक्रारीबरोबर बघायच्या, असं ठरलं.

मी स्वतः आजवर सीपीएसला एकदाच फोन केलाय, संशय कसा ओळखायचा आणि कळवायचा याचं प्रशिक्षण घेतल्यावर काही वर्षांनी. आम्हाला शिकवतात, गुडघ्यावर, नडगीवर, कपाळावर खुणा असल्या तर बहुतेक पडलेलं असतं. पण चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर, मानेवर काळं-निळं दिसलं की थांबायचं. एका सकाळी टोपी काढताना एका मुलीच्या कानाच्या पाळीमागे जांभळट ठिपके दिसले, ओळीत. मी तिची दुसरी बाजू बघितली. मग तिला माती खेळायला बसवलं आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. फोन धरलेला हात थरथरत होता. त्या घरच्यांना मी रोज ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होते, माझी चूक असेल तर काय, हेच डोक्यात. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, कुठला कान, किती वाजता बघितलं, मूल आत्ता काय करतंय.

मी दाराच्या काचेतून बघितलं आणि सांगितलं, ती बशीत मातीच्या पोळ्या लाटतेय.