माल्टासाठी दोन दिवस पुरतात का, आणि समुद्राखेरीज तेथे पाहण्यासारखे काय आहे?

इटलीच्या सिसिली बेटाच्या सहलीला जोडून माल्टा हा शेजारचा छोटा द्वीपदेश दोन दिवसांत उरकता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते किमान पाच दिवस ठेवावेत, आणि केवळ समुद्रकिनाऱ्यांसाठी जायचे असेल तर माल्टा निवडूच नये. वाळूचे किनारे तेथे मोजकेच आहेत, बराचसा किनारा खडकाळ आहे आणि कोमिनो बेटाजवळच्या ज्या निळ्याशार पाण्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, तेथे उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. माल्टाचे खरे वैभव त्याच्या पिवळसर चुनखडीच्या दगडात आहे.

माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून या देशाचे क्षेत्रफळ अवघे 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर व उपनगरांच्या जवळपास निम्मे आहे. एवढ्याशा जागेत इतिहासाचे इतके थर आहेत की दोन दिवसांत त्यांची नावेदेखील नीट लक्षात राहत नाहीत. गोझोवरील जगान्तियाची दगडी मंदिरे इसवी सनापूर्वी 3600च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी आहेत. त्याहून विलक्षण आहे ते हल सफ्लिएनी येथील हायपोजियम, जमिनीखाली खडक कोरून केलेले तीन मजली दफनस्थान, जे 1902 मध्ये घरांचे बांधकाम चालू असताना सापडले. आतील हवा व रंगकाम जपण्यासाठी एका वेळी 10 जणांनाच सोडतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी याचे तिकीट पाहावे, असे मी अजिबात अतिशयोक्ती न करता सांगतो.

राजधानी व्हॅलेटा समजून घ्यायची असेल तर 1565च्या वेढ्याची माहिती घेऊन जावे. सेंट जॉनच्या लष्करी धर्मसंघाला (ख्रिस्ती सरदारांच्या संघटनेला) ऱ्होड्स या ग्रीक बेटावरून तुर्कांनी हुसकावल्यानंतर सम्राट पाचव्या चार्ल्सने 1530 मध्ये ही बेटे वर्षाला एका शिकारी ससाण्याच्या खंडणीवर दिली. तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याच्या आरमाराने 1565 मध्ये बेटाला वेढा घातला. सेंट एल्मोचा किल्ला पडला, पण उरलेली ठाणी टिकली आणि 8 सप्टेंबरला वेढा उठला. पुढच्याच वर्षी संघप्रमुख जाँ द ला व्हॅलेट याने व्हॅलेटा या नव्या शहराची पायाभरणी केली. या शहराचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आणि रंगीत लाकडी बंद सज्जे पायी फिरूनच पाहावेत. सेंट जॉनच्या कॅथेड्रलमध्ये मात्र निम्मा दिवस तरी द्यावा. तेथील जमीन म्हणजे धर्मसंघाच्या सरदारांच्या संगमरवरी थडग्यांचा सलग पट आहे. शेजारच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने 1608 मध्ये रंगवलेले सेंट जॉनच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. त्याने स्वाक्षरी केलेले हे एकमेव चित्र, आणि ती स्वाक्षरीही मानेतून सांडलेल्या रक्तात! त्याच वर्षी धर्मसंघाने त्याला सरदारकी दिली, काही महिन्यांतच कैद केले, आणि तो पळून गेल्यावर याच चित्रासमोर सभा भरवून त्याला संघातून काढून टाकले.

ब्रिटिश राजवटीच्या खुणा आपल्याला चटकन ओळखू येतात: वाहतूक डावीकडून, इंग्रजीला राजभाषेचा दर्जा आणि लाल टपालपेट्या. एक धागा तर थेट मुंबईशी जोडलेला आहे. 1878 मध्ये रशियाला धाक दाखवण्यासाठी ब्रिटिशांनी मुंबई बंदरातून सुमारे 7,000 हिंदी सैनिक माल्टाला नेले होते. दुसऱ्या महायुद्धात बेटावर प्रचंड बाँबवर्षाव झाला आणि अन्न व इंधन संपत आले, तेव्हा रसद घेऊन निघालेल्या जहाजांच्या ताफ्यातील मोडकळीस आलेले ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज 15 ऑगस्ट 1942 रोजी बंदरात ओढून आणले गेले. तो दिवस सांता मारियाच्या (येशूची माता मेरी हिच्या) सणाचा असल्याने त्या ताफ्याला माल्टाचे लोक आजही सांता मारियाचाच ताफा म्हणतात.

तेथील लोकजीवन पाहायचे असेल तर एखाद्या गावाचा फेस्ता गाठावा. प्रत्येक गावाच्या संतासाठी उन्हाळ्यात होणाऱ्या या उत्सवात मूर्तीची मिरवणूक, बँडपथके आणि कानठळ्या बसवणारे दारूकाम असते. एकाच गावात दोन बँड मंडळे असली की त्यांच्यातील चुरस आपल्याकडच्या गणेश मंडळांची आठवण करून देते. लोकांची माल्टी भाषा अरबी कुळातील असून ती रोमन लिपीत लिहिली जाते, आणि तीत इटालियन शब्दांची रेलचेल आहे.

खाण्याचे म्हणाल तर सशाचे मांस तेथील मानाचा पदार्थ आहे. शाकाहारी असाल तर रिकोटा (एक प्रकारचे मऊ चीज) किंवा वाटाण्याचे सारण भरलेली खुसखुशीत पास्तित्सी मिळते. मात्र तिच्या पिठात कधीकधी डुकराची चरबी असते, तेव्हा विचारूनच घ्यावी.

गोझोला धावती भेट न देता एक रात्र तरी मुक्काम करावा. माल्टा बेटावरील चिरकेव्वा बंदरातून फेरीने साधारण 25 मिनिटे लागतात. ज्या ‘अझूर विंडो’ या दगडी कमानीसाठी लोक पूर्वी तेथे जात, ती मार्च 2017 मध्ये वादळात कोसळली, त्यामुळे जुन्या छायाचित्रांवर विसंबू नये. त्याऐवजी गोझोच्या मुख्य शहराचा, व्हिक्टोरियाचा किल्ला आणि मारसालफोर्नजवळची खडकात कोरलेली मिठागरे पाहावीत. 1551च्या तुर्की हल्ल्यात याच किल्ल्यात आश्रय घेतलेले सुमारे 5,000 लोक गुलाम म्हणून नेले गेले आणि बेट जवळजवळ ओसाड पडले.

माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने इटलीचा व्हिसा चालतो. जुलै-ऑगस्ट मात्र टाळावेत, कारण पांढऱ्या दगडावरून परावर्तित होणारे ऊन असह्य होते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम.